इर्विनवर किती फूट?

[भिंत. तेलरंगाच्या तीन रेघा.]

सांगलीच्या गावभागातलं हे घर. या रेघा घरच्यांनीच मारल्यात. २००५, २०१९, २०२१. दाराच्या चौकटीवरून गेलेली, सगळ्यांत उंच, ती २०१९ ची. त्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती.

तेवढ्या पुरापुढे तळघर वाचत नाही. ते रिकामं करायचं आणि माणसांनी बाहेर पडायचं. पण दरवर्षी नदी इतकी चढत नाही. ४० फूट ही इथली इशारा पातळी, ४५ धोक्याची. त्या पाण्यात तळघर राखता येतं, मात्र तयारी मे महिन्यात करावी लागते.

[तळघर. मोरीची जाळी, अगदी जवळून.]

पाणी जिन्यानं उतरून येईल म्हणून आपण दाराशी वाळूची पोती रचतो. आधी येतं ते इथून. नदी चढली की गटारांची तोंडं बुडतात, पाणी मागं तुंबतं आणि सगळ्यांत खालच्या जाळीतून वर येतं. रस्ता कोरडा, आणि तळघरात घोटाभर काळं पाणी.

[प्लंबरचे हात. चेंबर उघडलेलं.]

म्हणून चेंबरच्या अलीकडे हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आत एक झडप. बघा, घराकडून बादली ओतली. झडप उचलली, पाणी गेलं. आता चेंबरच्या बाजूनं नळी लावली. झडप खाली बसली. बाहेरचं पाणी जितका जोर लावेल, तितकी ती घट्ट. पण झडप मिटली की आपलंही पाणी बाहेर जात नाही. तेवढे दिवस घरातली मोरी वापरायची नाही.

[कोपऱ्यातला खड्डा. नंतर अंगण, पंपाची दोरी ओढताना.]

भिंतींतून पाझरतं ते या खड्ड्यात गोळा होतं. इथं विजेची मोटर आहे, पण पुरात वीज बंद करतात. म्हणून हा पेट्रोलचा पंप. तो अंगणातच चालवायचा, फक्त पाइप खाली सोडायचा. बंद तळघरात त्याचा धूर जीव घेतो. आणि पाणी भरलंच, तर ते एकदम उपसायचं नाही. बाहेरची माती भिजून जड झालेली असते, आतलं पाणी गेलं की तीच भिंत आत ढकलते. बाहेरचं ओसरू द्यायचं, मग थोडं थोडं काढायचं.

[हरिपूर. पेवाचं तोंड.]

जमिनीखाली जिन्नस ठेवायची इथली रीत जुनी. शेजारच्या हरिपुरात शेतकरी नि व्यापारी हळद पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यांत, साठवायचे. कोरड्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच पेवं कायमची गेली.

[पुन्हा चेंबर.]

गेल्या वर्षी बसवलेली झडप या घरच्या काकू स्वतः उघडून बघतायत. बिजागरीत प्लास्टिकची पिशवी अडकलीय. एवढ्यानं ती मिटली नसती. काकू पिशवी ओढून काढतात, कडा फडक्यानं पुसतात, झाकण लावतात.