२२ अक्षरांचा हुकूम

(दृश्य: रावेरजवळची रोपवाटिका, ट्रेमधली केळीची रोपं)

रावेर-यावलच्या पट्ट्यात ‘टिश्यूची रोपं’, म्हणजे कोंबाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली केळी, कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. कोंबाच्या टोकातल्या पेशींनी अजून काहीच ठरवलेलं नसतं. संप्रेरकं बदलली की त्यांना पानं फुटतात, मुळं फुटतात. माणसाची मूळपेशीही अशीच, न ठरलेली. तिला हृदय व्हायला कोण सांगतं?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारा पेशींचा पुंजका)

काचेच्या बशीत मूळपेशींपासून घडवलेल्या या हृदयपेशी. ना मेंदू, ना रक्त, तरी ठोके चालू.

जनुकाचा निरोप आरएनए नेतो, त्यावरून प्रथिन बनतं. पण काही आरएनए प्रथिन बनवतच नाहीत. जेमतेम २२ अक्षरांचे, म्हणजे आरएनएच्या २२ कड्यांचे, हे मायक्रोआरएनए दुसऱ्याच्या निरोपावर जाऊन बसतात आणि त्याला गप्प करतात. पहिला सापडला तो मिलिमीटरभर लांबीच्या जंतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली ते मांडलं, तेव्हा बहुतेकांना ती त्या जंताचीच लहर वाटली. नोबेल मिळालं २०२४ मध्ये!

हृदयाच्या कामाचे दोघे, मिर-१ आणि मिर-१३३. जन्म एकाच धाग्यातून. आधी दोघं मिळून मूळपेशीला मध्यस्तराकडे, म्हणजे स्नायू-रक्ताच्या वाटेला लावतात. मग बिनसतं. मिर-१ तिला हृदयाकडे ओढतो, मिर-१३३ अडवतो. उंदरात मिर-१च्या दोन प्रती असतात. त्यातली एकच काढली, तर कित्येक पिल्लांच्या हृदयाच्या पडद्याला भोक राहिलं.

(दृश्य: चोपडा–जळगाव रस्ता, रात्री धावणारी रुग्णवाहिका)

हृदयविकाराचा झटका आल्यावर दवाखाना गाठेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि मोठ्या माणसात तो जवळपास नव्याने येत नाही. म्हणून २०१९ मध्ये झटका दिलेल्या डुकरांच्या हृदयात विषाणूमार्फत मिर-१९९ए सोडला, हृदयपेशींना पुन्हा वाढायला लावणारा मायक्रोआरएनए. महिनाभरात व्रण आक्रसला, हृदय जोमानं चालू लागलं. नंतर बहुतेक डुकरं अचानक दगावली. हुकूम थांबलाच नव्हता. अर्धवट घडलेल्या पेशी वाढत राहिल्या, ठोक्यांची लय बिघडली.

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न इथेच आहे: सुरू केलेलं बंद कसं करायचं? त्याआधी, २०१७ साली, उंदरांना विषाणूशिवाय, कृत्रिम मायक्रोआरएनएचा एकच डोस दिला होता. तो काही दिवस टिकला, उपयोगी पडला आणि ओसरला.