ॲलन डॉसन : बोस्टनचे ड्रमगुरू

(दृश्य : स्नेअर, म्हणजे संचातल्या मुख्य ड्रमवर चालणारे तारांचे ब्रश, अगदी जवळून.)

ड्रमची काठी आघातानंतर आपोआप उसळते आणि पुढच्या आघाताचे निम्मे काम तीच करून टाकते. ब्रश तसा उसळत नाही, त्यामुळे दर वेळी मनगट उचलावेच लागते. जॅझ ड्रमवादक आणि शिक्षक ॲलन डॉसन आपल्या विद्यार्थ्यांकडून पायाभूत बोलांचा रियाज ब्रशने करून घेत, त्यामागचे कारण हेच होते. दोन्ही पायांनी सांबा या ब्राझिली नाचाचा ठेका अखंड चालू ठेवायचा आणि वर हातांनी चार-चार बारांच्या (मात्रांच्या ठरावीक गटांच्या) ओळींत एकामागून एक रुडिमेंट, म्हणजे ड्रमवादनाचे मूलभूत बोल, न थांबता वाजवत जायचे, असा तो क्रम होता. त्यात त्या काळी अमेरिकेत प्रमाण मानलेले 26 बोल तर होतेच, शिवाय डॉसन यांनी भर घातलेले कितीतरी होते. ड्रमवादकांमध्ये हा रियाज ‘रुडिमेंटल रिच्युअल’ या नावाने ओळखला जातो.

डॉसन यांचा जन्म 14 जुलै 1929 रोजी पेनसिल्व्हेनियातील मॅरिएटा येथे झाला आणि ते वाढले बोस्टनच्या रॉक्सबरी भागात. चार्ल्स ऑल्डन यांच्याकडे त्यांनी ड्रमचे शिक्षण घेतले, कोरियन युद्धाच्या काळात लष्करी सेवेत असताना फोर्ट डिक्स येथील बँडमध्ये वाजवले आणि 1953 मध्ये व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांच्या ताफ्यासोबत ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि आर्ट फार्मर, तसेच पुढे संगीतकार म्हणून गाजलेले तरुण क्विन्सी जोन्स याच ताफ्यात होते. दौऱ्यात बाहेरची ध्वनिमुद्रणे करायची नाहीत अशी हॅम्प्टन यांची सक्त ताकीद होती. तरीही ही मंडळी पॅरिसमध्ये गुपचूप स्टुडिओ गाठत राहिली, आणि त्या चोरट्या ध्वनिमुद्रणांपैकी काहींत ड्रमवर डॉसन आहेत.

अशा दौऱ्यानंतर न्यूयॉर्कला जाऊन स्थिरावणे ही त्या काळातली सरळ वाट होती. डॉसन मात्र बोस्टनला परतले, आणि 1957 पासून तिथल्या बर्कली या संगीतशाळेत शिकवू लागले. जॅझचा इतिहास बहुतेक वेळा न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिला जातो, आणि बाहेर राहिलेल्या वादकाच्या वाट्याला त्यात एखादी तळटीप येते. डॉसन यांच्या बाबतीत तर ती तळटीपही अनेकदा त्यांच्या शिष्यांच्या नावाने सुरू होते. त्यांचे वादन ऐकलेल्याला हा अन्याय वाटल्यावाचून राहत नाही.

(दृश्य : सरावाची खोली, स्टँडवर उघडे पुस्तक.)

त्यांच्या वर्गातले मुख्य साधन म्हणजे टेड रीड यांचे सिंकोपेशनवरचे, म्हणजे अनपेक्षित जागी पडणाऱ्या आघातांवरचे, एक पातळ पुस्तक. त्यातल्या पानांवर तालाच्या साध्या ओळी आहेत. त्या कशा वाजवाव्यात, हे डॉसन यांनी आपल्या पद्धतीने ठरवले. उजव्या हाताने राइड सिम्बल या मोठ्या झांजेवर स्विंगचा, म्हणजे जॅझचा झुलता, ठेका धरायचा, डाव्या पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) मिटायचा आणि पानावरची ओळ डाव्या हाताने स्नेअरवर वाजवायची. ते जमले की तीच ओळ पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमवर. मग तीच ओळ वाटून, म्हणजे आखूड स्वर स्नेअरवर आणि लांब स्वर बेस ड्रमवर. पान एकच राही, अवघडपणा मात्र वाढत जाई.

आणि हे सारे चालू असताना विद्यार्थ्याने एखाद्या प्रसिद्ध गाण्याची चाल मोठ्याने गायची. आपल्याकडे तबलजी बोलांची पढंत करतो, ते आठवेल. पण इथे तोंडी बोल नसून गाण्याची चाल असे, आणि हात-पाय भलतेच काही वाजवत असत. 32 बारांच्या चालीत आपण नेमके कुठे आहोत, हे ड्रमवादकाला बोटांवर मोजून नव्हे, तर चालीवरूनच कळले पाहिजे, अशी डॉसन यांची धारणा होती.

त्यांचे स्वतःचे वादन याच धारणेवर उभे होते. 1963 पासून 1970 पर्यंत ते बोस्टनच्या उत्तरेला पीबडी येथील ‘लेनीज ऑन द टर्नपाइक’ या क्लबचे नेमलेले ड्रमवादक होते. बाहेरगावचे एकल वादक तिथे येत, आणि ज्याची जशी शैली असेल तशी साथ डॉसन यांना द्यावी लागे. याच काळात प्रेस्टिज या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक बुकर अर्व्हिन यांच्याबरोबर केलेली ध्वनिमुद्रणे हे त्यांचे सर्वोत्तम काम म्हणावे लागेल. पियानोवर जाकी बायर्ड आणि बेसवर रिचर्ड डेव्हिस असताना चौघेही लयीला विलक्षण ताण देतात, तरी गाण्याचा आराखडा कुठे सुटत नाही. 1968 मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या नव्या संचात, ड्रमवादक जो मोरेलो यांच्यासारख्या लोकप्रिय वादकाच्या जागी, डॉसन आले आणि जेरी मलिगन यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनला साथ देत त्यांनी जगभर दौरे केले.

त्यांचे सर्वांत गाजलेले शिष्य टोनी विल्यम्स. ते डॉसन यांच्याकडे कोवळ्या वयात आले आणि 1963 मध्ये, अवघ्या 17 व्या वर्षी, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचात दाखल झाले. त्यांच्या वादनातला स्फोटकपणा सर्वस्वी त्यांचा होता, डॉसन तसे कधीच वाजवत नव्हते. पण चारही अंगांचे स्वातंत्र्य, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळे चालवण्याची हातोटी, विल्यम्स यांनी बोस्टनमध्ये कमावली होती. हार्वी मेसन आणि स्टीव्ह स्मिथ हेही याच तालमीतले.

1975 मध्ये पाठीच्या मणक्यातील चकतीच्या दुखापतीमुळे डॉसन यांना बर्कली सोडावी लागली आणि दौरेही थांबले. त्यानंतर लेक्सिंग्टन येथील घरी त्यांनी शिकवणे चालू ठेवले, आणि 23 फेब्रुवारी 1996 रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडे शिकलेल्या ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन या 2014 मध्ये सर्वोत्तम जॅझ वाद्यसंगीत अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, आणि पुढे त्यांनी बर्कलीतच जॅझ व लिंगभाव-न्याय या विषयाला वाहिलेली संस्था उभी केली.