डाव्या चाकाचे उलटे आटे

श्रोतेहो, नमस्कार.

घरामागच्या शेडमध्ये, रिकाम्या गोठ्यात किंवा चिंचेच्या झाडाखाली ज्यांची एखादी जुनी जीप किंवा जुना ट्रक ताडपत्री पांघरून उभा आहे, आणि दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालताना ‘यंदा ही गाडी चालू करायचीच’ असे जे मनाशी ठरवतात, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे. जुनी गाडी घरच्या घरी उभी करण्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ऐकलेले सगळेच लक्षात राहत नाही. म्हणून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, आणि ती अशी: आधी घासा, मग पाहा, मग पाना लावा.

माझी जीप १९६४ सालची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात ती राबली, पुढे लिलावात माझ्या वडिलांनी घेतली, आणि वडील गेल्यावर चौदा वर्षे ती एका जागी उभी राहिली. विलीज या अमेरिकी कंपनीच्या परवान्याने महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे जीपची जोडणी सुरू केली. माझ्याकडे आहे ते सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेतल्या टोलेडो शहरात १९५३ मध्ये निघाले आणि तिकडे १९६८ मध्ये बंद झाले, तरी आपल्याकडे ते त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिले. बॉनेट उंच का, तर या चार सिलिंडरच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर सरकावे लागले. इतक्या साध्या कारणाने गाडीचा चेहरा ठरावा, हे मला फार आवडते.

आता चाकाची गोष्ट सांगतो.

वैशाखातली दुपार होती. जीप चारही पंक्चर टायरांवर बसलेली होती आणि तिला घोड्यांवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी तिवयांवर, चढवायचे, तर आधी चाके काढायला हवी होती. मी होतो, माझा पुतण्या होता आणि शेजारचे दोन तरुण मदतीला आले होते. आदल्या रात्री मी प्रत्येक नटावर रॉकेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडून ठेवले होते. उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे दहा नट तासाभरात निघाले. थोडे कुरकुरले, पण निघाले. आम्हाला हुरूप आला आणि आम्ही डाव्या बाजूला गेलो.

डाव्या बाजूचा पहिला नट हलेना. पान्यावर हातोडी मारून पाहिली, तरी हलेना. मग चार फुटांचा लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यात घातला आणि दोघांनी जोर लावला. तेव्हा जरासे काही सरकल्यासारखे वाटले, आणि ‘कट्’ असा आवाज झाला. नट सुटला असे समजून आम्ही वाकून पाहिले, तर नटासकट स्टडच, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडाच, तुटून हातात आला होता. चौदा वर्षांचा गंज आहे, एखादा तुटायचाच, असे मी म्हणालो आणि दुसऱ्या नटाला पाना लावला. दुसराही तसाच तुटला. तिसऱ्या वेळी पुतण्या पाइपवर उभा राहिला आणि तिसराही तुटला. एका चाकाला पाच स्टड असतात, श्रोतेहो. त्यातले तीन आम्ही अर्ध्या तासात मोडले होते, आणि जुन्या जीपचे हे स्टड हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आणि ब्रेकचा ड्रम यांना एकत्र धरून ठोकून बसवलेले असल्यामुळे मोडलेला स्टड बदलणे हे तासाभराचे काम नसते.

त्या वेळी आमच्या गल्लीतून हवालदार आबा डेअरीला दूध घालायला निघाले होते. सैन्यात त्यांची सगळी नोकरी गाडी चालवण्यात गेली होती. आवाज ऐकून ते आत आले, दुधाची किटली त्यांनी सावलीत ठेवली, आणि आमच्या हातातल्या पाइपकडे न पाहता सरळ चाकापुढे उकिडवे बसले. मला वाटले, ते आता पाना मागतील. त्यांनी मागितला तारेचा ब्रश.

उरलेल्या दोन स्टडांपैकी एकाचे नटाबाहेर आलेले टोक त्यांनी घासायला घेतले. शर्टाच्या बटणाएवढे ते गोल तोंड, त्यावर रंगाचे तीन थर आणि त्याखाली तपकिरी गंज. आधी कारखान्याचा करडा रंग निघाला, मग निळा, मग लालसर प्रायमर, आणि मग उघडे लोखंड चमकू लागले. रॉकेलात बुडवलेल्या चिंधीने त्यांनी ते पुसले, माझा हात धरला आणि माझी तर्जनी त्या टोकावर टेकवली. बोटाला काहीतरी कोरल्यासारखे लागले. वाकून पाहिले, तर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लोखंडात ठोकलेले होते.

आबा म्हणाले, “हे डावं चाक हाय, मास्तर. डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतोय. तुम्ही मघापासनं सोडवाय न्हाई, आवळाय लागलायसा.”

मग त्यांनी पुतण्याला पाइप काढून ठेवायला सांगितले. नटावर चारी बाजूंनी हातोडीचे हलके ठोके दिले, पुन्हा थोडे रॉकेल सोडले, आम्हा सगळ्यांना चहा करायला लावला आणि चहा संपेपर्यंत कुणाला चाकाजवळ जाऊ दिले नाही. त्यानंतर त्यांनी पाना लावला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आपण एरवी नट आवळतो त्या दिशेने, दाबला. दाराची बिजागरी वाजावी तसा आवाज झाला आणि नट सुटला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, साध्या पान्याने, पाइप न लावता तो सोडवला. किटली उचलून जाताना ते एवढेच म्हणाले, “आधी घासाय पायजे हुतं.”

म्हणून मी पुन्हा सांगतो: आधी घासा, मग पाहा, मग पाना लावा.

उलटे आटे कशासाठी, हे तुम्हाला घरातच पाहता येईल. सायकलचे डावे पॅडल उलट्या आट्याचे असते, आणि टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपीही उलटी सुटते. गाडी पुढे धावते तेव्हा डावे चाक, बाहेरून पाहिले तर, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरते. अशा फिरण्याने नेहमीच्या आट्याचा नट हळूहळू सैल होईल, या काळजीपोटी त्या काळातल्या अनेक कंपन्या डाव्या बाजूला उलटे आटे देत असत. निमुळत्या बैठकीचा नट नीट आवळला तर तो सैल होत नाही, हे अनुभवाने कळल्यावर बहुतेकांनी ही पद्धत सोडून दिली. डॉज गाड्यांनाही ती बराच काळ होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जात, आणि त्यांतले काही अजून गावोगावी उभे आहेत. तुमच्याकडे तसा ट्रक असेल, तर डाव्या चाकाला हात लावण्याआधी स्टडाचे टोक घासून पाहा.

मोडलेल्या तीन स्टडांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. दोन दुकानांत मला सरळ आट्याचे स्टड बसवून टाकण्याचा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही. एकाच चाकावर दोन स्टड उलटे आणि तीन सरळ असतील, तर रात्री रस्त्यात पंक्चर काढणारा माणूस काय करील? कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर मी ते स्टड करून घेतले. अर्धा इंच जाडी, इंचाला वीस आटे. एरवी आटे पाडताना लेथचे टूल टेलस्टॉककडून, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडून, चकाकडे, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागाकडे, येते, इथे ते चकाकडून टेलस्टॉककडे जात होते, आणि ते पाहण्यासाठी शेजारच्या लेथवरची दोन पोरे काम थांबवून आली. पोलाद चांगल्या ताकदीचे घ्यायला सांगा. बांधकामाच्या मऊ सळईतून केलेला स्टड चाकाला कधीही लावू नये.

त्या पोरांकडे पाहून मला जे वाटले, ते इथे बोलून दाखवतो. शाळेत प्रत्येक मुलाने आणि मुलीने एक वर्षभर पकडीला लोखंडाचा तुकडा लावून कानस चालवायला शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हाताला लोखंड कळले की डोळ्याला आपोआप कळू लागते. तसेच टायरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने नट ठोकून आवळण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. जुन्या गाडीचे नट हातानेच फिरवून बसवावेत आणि शेवटचा आवळाही पान्याने, हातानेच द्यावा.

आट्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक लक्षात ठेवा. या जीपचे सगळे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि आज बाजारात सहज मिळतात ते मिलिमीटरचे. दिसायला सारखा वाटणारा मिलिमीटरचा बोल्ट इंचाच्या आट्यांत दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की आटे मारतो. म्हणून जुना बोल्ट टाकून देऊ नका. नवा बसून गाडी चालू होईपर्यंत जुना जपून ठेवा. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन घ्या, एका जागचे बोल्ट एका डब्यात ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात, तर नमुन्याचा बोल्ट खिशात घेऊनच जा.

इंजिन जाम असेल, तर तिथेही हेच. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडा, आणि रोज एकदा पुढून हँडल लावून हाताने हलका दाब द्या. माझे इंजिन एकोणिसाव्या दिवशी सुटले.

जिवाशी गाठ असलेल्या तीन गोष्टी आहेत. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली भक्कम घोडे लावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसते म्हणून तिला वेल्डिंगची ज्योत लावू नका, कारण आतली वाफ पेट घेते.

पुष्कळ तरुण मला विचारतात की गाडी मूळ रूपात कशाला आणायची, तिला नवे रूप का देऊ नये. अमेरिकेत १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्यांची मडगार्डे उतरवली, इंजिने बदलली आणि कोरड्या सरोवरांच्या पात्रांत त्या पळवल्या. हॉट रॉड हा प्रकार तिथून वाढला. आपल्याकडे हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपा अशाच प्रसिद्ध आहेत. त्या कारागिरांच्या हाताचे मला कौतुक आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि रुंद टायर व चकचकीत बंपर लावलेली जीप पाहिली की तिचे मूळ बांधकाम कुठेतरी झाकले गेले, असे मला वाटते. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापरातली आणि चेसी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. माझ्या गाडीचे कागद मी अजून जमवतो आहे.

हवालदार आबा आता नाहीत. जीपचा रंग पुरा झाला त्या दिवशी मी सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या डिस्कवर, नटांच्या वर्तुळाच्या आत, पिवळ्या रंगात ‘उलटे आटे’ असे लिहिले. दूध घालायला जाणारे लोक थांबून ते वाचतात आणि त्याचा अर्थ विचारतात. मग मी ब्रश आणि रॉकेलची चिंधी आणतो आणि त्यांचे बोट त्या टोकावर टेकवतो.

नमस्कार.