दोन झोके आणि एक अल्बम

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका अमेरिकन अल्बमबद्दल बोलायचंय, पण सुरुवात आसोद्यापासून, म्हणजे बहिणाबाई चौधरींच्या माहेरापासून, केल्याशिवाय जमणार नाही. बहिणाबाईंची हकिगत तुम्हाला ठाऊक आहेच. लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी ओठांवर. घरच्यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. शब्द वाचले. पण जात्यावर बसून त्या ज्या चालीत म्हणत असतील, ती चाल कुठंय? आपल्या कानात बसलीय ती 'मानिनी' चित्रपटातली, वसंत पवारांची. शब्द राहिले, चाल गेली. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

वुडी गथ्री नावाचा अमेरिकन लोकगायक होता. ओक्लाहोमातला, जन्म १९१२चा. मजुरांची, विस्थापितांची गाणी म्हणत देशभर हिंडला. लॉस एंजेलिसला रेडिओवरही गायचा, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. पुढं हंटिंग्टन नावाच्या मज्जासंस्थेच्या आजारानं हात थरथरायला लागले, गिटार सुटली, शेवटची कित्येक वर्षं दवाखान्यात गेली. १९६७ साली वारला. मागे राहिली हजारावर गाणी, नुसती कागदावर. याला लिहिता येत होतं, पण स्वरलिपी येत नव्हती. चाली डोक्यात होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. इथंही तेच बघा, शब्द राहिले, चाल गेली.

मुलगी नोरा हिनं ते कागद जपले. आणि मग तिनं मोठं धाडस केलं. बापाच्या शैलीची नक्कल करणाऱ्या कुणाला न देता तिनं ते बिली ब्रॅग नावाच्या इंग्लिश गायकाला दिले. सांगितलं, तू तुझी चाल लाव. ब्रॅगनं शिकागोच्या विल्को या बँडला सोबत घेतलं. १९९८ साली पंधरा गाण्यांचा अल्बम निघाला, 'मरमेड अ‍ॅव्हेन्यू'. न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला ज्या रस्त्यावर गथ्रीचं घर होतं, त्याचं हे नाव.

समीक्षक खूश झाले. गथ्री म्हणजे मोर्चातला माणूस, एवढंच लोकांना माहीत होतं. इथं तो पोरांसाठी बडबडगीत लिहितो, इनग्रिड बर्गमन या नटीवर भाळतो, खिडकीत एकटा बसून झुरतो. हा माणूस पहिल्यांदाच दिसला, असं जो तो लिहू लागला. ग्रॅमीला लोकसंगीताच्या विभागात नामांकनही मिळालं. बक्षीस ल्युसिंडा विल्यम्स या गायिकेला गेलं. (बक्षिसांवरून अल्बम निवडणारे लोक मला कधी कळलेच नाहीत. असो.) कुरकुरीचा सूर एकच होता, की ब्रॅगची गाणी वेगळी पडतात, विल्कोची वेगळी. हा एक अल्बम नाही, दोन आहेत. कुणी ब्रॅगच्या बाजूचे, कुणी विल्कोच्या.

आता यावरून एक गोष्ट सांगतो. ऐकलेली असेल त्यांनी पुन्हा ऐका.

अमळनेरकडे एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. थंडीचे दिवस, तुरीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकलेली. आणि हो, भरतात टोमॅटो घालणाऱ्या हॉटेलवाल्यांचा मी या माध्यमातून जाहीर निषेध करतो. कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे. टोमॅटो नाही म्हणजे नाही. तर मित्राच्या पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं स्पीकरवर हाच अल्बम लावला. तिथं एक निवृत्त सर होते, संगीतातले जाणकार. चार गाणी ऐकली आणि म्हणाले, "हे गाठोडं आहे हो. याची मोट बांधलीच गेलेली नाही." समीक्षकांची कुरकुर, शब्दसुद्धा न ऐकता, जशीच्या तशी!

मित्राची आजी, सगळे तिला मोठी माय म्हणतात, मिरच्या भाजत होती. तिनं विचारलं, "हाई गानं कोनं शे रे भाऊ?" भाच्यानं सगळं सांगितलं. माणूस मेला, कागद राहिले, पोरीनं दुसऱ्यांना दिले. मोठी मायनं त्यातलं एकच धरलं, "मंग त्यानी चाल कोठे गयी?" गेली त्याच्याबरोबर, भाचा म्हणाला. तेव्हा मिरच्या बाजूला ठेवून तिनं सुरुवात केली.

तिच्या लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. तिची चुलत बहीणही आली होती. हिचं सासर तापीच्या अलीकडे, तिचं पलीकडे, चोपड्याच्या अंगाला. लिंबाला झोके बांधले, गौराईची गाणी सुरू झाली आणि एका गाण्यावर दोघी अडल्या. शब्द तेच, पण दोघींनी आपापल्या सासरच्या बायकांकडून उचललेली चाल वेगळी. ही म्हणे माझी खरी, ती म्हणे माझी. भांडण एवढं पेटलं की एकाच लिंबाच्या दोन फांद्यांना दोन झोके झाले. एका झोक्यावर अलीकडची चाल, दुसऱ्यावर पलीकडची. गाणं एकच.

गावातल्या पोरी सकाळी हिच्या झोक्याकडे, दुपारी तिच्या. आपल्या झोक्याला गर्दी व्हावी म्हणून मोठी मायनं गूळ-शेंगदाणेसुद्धा वाटले. पोरींनी खाल्ले आणि पळाल्या. संध्याकाळी बघते तर पोरींनी स्वतःच तिसरा झोका बांधलेला! पहिली ओळ हिच्या चालीत, दुसरी तिच्या, आणि शेवटाला कुणाच्याच नाही अशी एक तान. मग काय, दिवसभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी बहिणी एक झाल्या आणि मिळून पोरींवर तुटून पडल्या, आमचं गाणं नासवलं म्हणून.

आम्ही विचारलं, मग खरी चाल कोणती ठरली? मोठी माय म्हणाली, "पोरीसले काय! जठे मज्या, तठे पोरी." आणि पुन्हा मिरच्या घेतल्या.

सर थोडे गप्प झाले, पण हार मानली नाही. भाच्यानं मग मोठी मायला आळीपाळीनं दोघांची गाणी ऐकवली. ब्रॅगबद्दल ती म्हणाली, "हाऊ भासन करस." श्रोतेहो, नामवंत समीक्षकांनी दोन-दोन रकाने खर्चून हेच लिहिलंय. विल्कोचं 'कॅलिफोर्निया स्टार्स' मात्र तिनं पुन्हा लावायला सांगितलं. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता तिला.

मला स्वतःला ब्रॅगचं ते भाषण आवडतं. तिसरं गाणं ऐका, मागं नताली मर्चंट या गायिकेचा आवाज आहे, भाषण कुठल्या कुठे जातं.

झोक्यांचं भांडण तिकडेही झालंच. कोणती गाणी घ्यायची, मिक्सिंग कसं करायचं, यावरून ब्रॅग आणि विल्कोचं बिनसलं. अल्बम गाजत असूनही एकत्र दौरा झाला नाही. दुसरा भाग २००० साली आला, तिसरा २०१२ साली, गथ्रीच्या जन्मशताब्दीला. समीक्षकांनी त्यांचंही स्वागत केलं, पण पहिल्याएवढं कौतुक नव्हतं. आणि ऐकणाऱ्यांनी? त्यांनी वाद बाजूला ठेवून 'कॅलिफोर्निया स्टार्स' उचललं. विल्को ते आजही मैफलीत गातात आणि समोरचे लोक सोबत म्हणतात. कागदावर पडून असलेलं गाणं, कित्येक वर्षांपूर्वीच्या शब्दांवर नवी चाल, आणि ते लोकांचं पाठ. पुन्हा सांगतो, शब्द जुने, चाल नवी.

अल्बम सहज मिळतो, मोबाईलवरही. फक्त पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. त्यात ब्रॅग एक ओळ बोलतो आणि मागची मंडळी ओरडून साथ देतात. नवा माणूस तिथंच बंद करतो. दुसऱ्या गाण्यापासून लावा, मग तिसरं, आणि पहिलं सवडीनं. ब्रॅग की विल्को, तुमचा कौल आम्हाला पत्रानं कळवा. सरांना दाखवायचाय; ते अजूनही गाठोडंच म्हणतात.