बाँडवर मूल दत्तक होत नाही

(दृश्य: भवानी मंडप)
दत्तक कोल्हापूरला नवं नाही. चौथे शिवाजी महाराज १८८३ साली वारले, गादीला वारस नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले. तेच शाहू महाराज. तेव्हा गरज गादीची होती. आजचा कायदा गरज बघतो मुलाची, म्हणून आधी तपासणी पालकांची.

(दृश्य: टाइप केलेला बाँड, जवळून)
"मूल राजीखुशीने दिले." दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. दवाखान्यातून, ओळखीतून बाळ आणून असा कागद केला, तरी ते कायद्यानं तुमचं होत नाही. अनाथ, टाकलेलं किंवा आईबापांनी बालकल्याण समितीपुढं स्वाधीन केलेलं मूल मिळतं ते 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या पोर्टलवरूनच.

(दृश्य: नेट कॅफे, स्कॅनर)
नोंदणीनंतर ३० दिवसांत कागद चढवायचे. गाडं अडतं ते इथं. लग्नाची पत्रिका जपलेली असते, विवाह नोंदणी केलेलीच नसते. बाईंच्या आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. हे आधी जुळवून घ्या. लग्नाला २ वर्षं झालेली हवीत. बाळ २ वर्षांच्या आतलं हवं असेल, तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर नको. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

(दृश्य: गृहभेट)
समाजसेविका घरी येतात. फी ६,००० रुपये. घर चकाचक करून ठेवायची गरज नाही. पासबुक, आजारपणाच्या फायली काढून ठेवा. आजी-आजोबांचं मत विचारलं जातं, घरात मोठं मूल असेल तर त्याचंही. भाऊबंदांपासून लपवून चाललेलं दत्तक याच बैठकीत उघडं पडतं, आणि पडलेलं बरं.

(दृश्य: मोबाईलवर बाळाचा फोटो)
फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला की ४८ तासांत पोर्टलवर बाळ राखून ठेवायचं, नाहीतर ते बाळ पुढच्या पालकांना दाखवलं जातं. अहवाल समजावून सांगणारे बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवा.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालय, नागाळा पार्क)
२०२१ च्या दुरुस्तीनं दत्तक आदेशाचा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडं दिला. निकालाला मुदत २ महिने. मात्र अर्ज जातो बाळ ज्या दत्तक संस्थेत आहे, ती ज्या जिल्ह्यात आहे तिथं. पुढं २ वर्षं, दर ६ महिन्यांनी पाहणी.

(दृश्य: पुन्हा बाँड)
ही वाट टाळून मूल घेतलं, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. विकत घेतलं, तर कैद ५ वर्षांपर्यंत.