थांबा आणि मुक्काम : कॉलेज फुटबॉलमधील हेड कोचच्या जागांची तुलना

मित्रहो, आजच्या विषयातला फुटबॉल हा लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल आहे, हे आधीच सांगितलेले बरे. इथे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची या खेळाशी पहिली ओळख मुले विद्यापीठात गेल्यावर, म्हणजे शनिवारी गावात गाडी लावायला जागा मिळेनाशी झाल्यावर झाली असावी. सामन्याच्या नियमांविषयी मी आज बोलणार नाही. वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या सुमारे १३५ विद्यापीठांत हेड कोचची प्रत्येकी एकच खुर्ची असते. त्या खुर्च्यांची तुलना प्रशिक्षक स्वतः कशी करतो आणि ती कशी करायला हवी, एवढाच माझा विषय आहे.

या व्यवसायात दोन शब्द रोज कानावर पडतात. एक ‘स्टेपिंग स्टोन’, म्हणजे दोन-तीन वर्षे काढून पुढची बस पकडण्याचा थांबा. आणि दुसरा ‘डेस्टिनेशन जॉब’, म्हणजे जिथे बिऱ्हाड लावायचे असा मुक्काम. कोणती जागा थांबा आणि कोणती मुक्काम, हे ठरवण्याची रूढ मोजपट्टी ठाऊक आहे : आसपास शाळकरी खेळाडूंचे पीक किती, देणगीदारांचा खिसा केवढा, स्टेडियम किती मोठे, परंपरा किती जुनी आणि कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, कोणती. ही मोजपट्टी चुकीची नाही, पण ती विद्यापीठ प्रशिक्षकाला काय देऊ शकते एवढेच मोजते. त्या बदल्यात विद्यापीठ काय मागणार आहे, हा जमाखर्चाचा दुसरा रकाना ती कोराच ठेवते. माझ्या मते जागेची किंमत या दोन रकान्यांतल्या फरकावर ठरते. मोठी साधने आणि त्याहून मोठ्या अपेक्षा असलेली जागा ही बेताची साधने आणि बेताच्याच अपेक्षा असलेल्या जागेपेक्षा वाईट असू शकते.

रूढ मोजपट्टीने पाहिले तर लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, ही देशातल्या सर्वोत्तम जागांपैकी एक आहे. लुइझियाना राज्यात उत्तम खेळाडू विपुल निपजतात आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे दुसरे तोलामोलाचे विद्यापीठ राज्यात नाही. टेक्सस किंवा फ्लोरिडासारखी घरातल्या घरात वाटणी होत नाही. स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. लागोपाठच्या तीन हेड कोचनी तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले : निक सेबन यांनी २००३ च्या हंगामात, लेस माइल्स यांनी २००७ मध्ये आणि एड ऑर्जेरॉन यांनी २०१९ मध्ये. यावरून एलएसयूत कोणीही जिंकतो असा समज पसरला, आणि असा समज हाच पुढच्या माणसाच्या गळ्यातला धोंडा ठरतो. सेबन स्वतःहून व्यावसायिक लीगमध्ये गेले, पण माइल्स यांना २०१६ चा हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना काढले. ऑर्जेरॉन यांचा संघ १५ पैकी १५ सामने जिंकून विजेता झाला होता. त्यानंतर दोन वर्षेही पुरी होण्याआधी त्यांना निरोप देण्याचे जाहीर झाले.

त्यांच्या जागी आले ब्रायन केली, आणि तेही थेट नोत्र दामहून, जिथे त्यांनी तिथलेच जुने प्रशिक्षक नूट रॉकनी यांचा विजयसंख्येचा विक्रम नुकताच मागे टाकला होता. नोत्र दाम सोडून स्वखुशीने दुसऱ्या कॉलेजात जाणारा माणूस पाहून अनेकांनी तोंडात बोटे घातली. कराराचा आकडा दहा वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरच्या घरातला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या मैदानावर टेक्सस ए अँड एमकडून ४९-२५ अशी हार झाली आणि केलींना काढण्यात आले. मग राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पुढचा प्रशिक्षक ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, निवडणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले आणि त्याच आठवड्यात ते डायरेक्टरही पायउतार झाले. नोकरी स्वीकारण्यापूर्वी प्रशिक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न इथे दडलेला आहे. माझा साहेब नेमका कोण? डायरेक्टर, विद्यापीठाचे अध्यक्ष, विश्वस्त, चार श्रीमंत देणगीदार, की गव्हर्नर? जिथे या प्रश्नाला एकच उत्तर मिळते ती जागा चांगली, मग तिचे स्टेडियम लहान का असेना.

नेब्रास्काचे उदाहरण मला याहून उद्बोधक वाटते, म्हणून तिथे थोडे थांबतो. वीस लाखांच्या आसपास लोकवस्तीचे हे राज्य. तिथल्या शाळांतून राष्ट्रीय दर्जाचा संघ उभा राहणे अवघड. तरीही बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ ही दोन विजेतेपदे मिळवली. त्यांचे उत्तराधिकारी टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे काढली, एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत आणि अखेरच्या चार वर्षांत तीन विजेतेपदे पटकावली. हे साधले ते भूगोलावर मात करणाऱ्या युक्त्यांमुळे. शिष्यवृत्तीविना खेळणारी शेतकऱ्यांची दणकट पोरे, म्हणजे ‘वॉक-ऑन’, त्यांनी डझनांनी जमवली. इतरांनी वजने उचलण्याच्या व्यायामाला महत्त्व देण्याच्या कितीतरी आधी त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमला. आणि चेंडू हातात घेऊन धावण्याची एकच पद्धत पिढ्यान्पिढ्या घोटली. पुढे या युक्त्या सगळ्यांनीच उचलल्या. शिष्यवृत्तींची संख्या नियमाने मर्यादित झाली, आणि २०११ मध्ये नेब्रास्काने कॉन्फरन्स बदलून टेक्ससमधल्या मैदानांशी असलेला नेहमीचा संबंधही तोडला.

साधने आटली, पण अपेक्षा मात्र १९९७ सालातच राहिल्या. ऑस्बोर्न यांच्यानंतर आलेले फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव अशा हिशोबावर काढले. पुढच्याच वर्षी नेब्रास्काने विजयांहून पराभव जास्त असलेला १९६१ नंतरचा पहिला हंगाम पाहिला. बो पेलिनी यांनी सात हंगामांत दर वर्षी किमान नऊ सामने जिंकले. त्यांनाही २०१४ मध्ये काढले. नऊ विजय म्हणजे अपयश असे ज्या गावाने ठरवले, त्या गावाला पुढच्या दहा वर्षांत नऊ विजय एकदाच, २०१६ मध्ये, दिसले. यात गंमत वाटण्यासारखे काही नाही. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन गावात पराभवाच्या दिवशीही स्टेडियम भरलेले असते आणि त्या निष्ठेचेच ओझे प्रशिक्षकाच्या खांद्यावर येते.

लिंकनहून दक्षिणेला दोन-अडीच तासांच्या वाटेवर मॅनहॅटन नावाचे लहानसे गाव आहे, कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे. बिल स्नायडर १९८९ मध्ये तिथे गेले, तेव्हा त्या संघाने १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत मिळून एकही सामना जिंकलेला नव्हता. आयोवासारख्या चांगल्या संघातले वजनदार सहायकपद सोडून माणूस अशा जागी का जातो? माझा तर्क असा की त्या जागी अपेक्षा शून्य होती, त्यामुळे वेळ मिळणार होता, आणि वेळ हे प्रशिक्षकाचे सर्वांत महागडे साधन आहे. कॅन्ससमधल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांतून इतरांनी नाकारलेले खेळाडू त्यांनी वेचले आणि कॉन्फरन्सबाहेरचे सामने मुद्दाम सोप्या प्रतिस्पर्ध्यांशी ठेवले, यावरून त्यांना टोमणेही बसले. १९९८ मध्ये हाच संघ नियमित हंगामात अपराजित राहिला. स्नायडर २००५ मध्ये निवृत्त झाले, २००९ मध्ये परत आले, २०१८ पर्यंत राहिले आणि त्यांच्या खाती २१५ विजय जमा झाले. ज्या स्टेडियममध्ये ते दुसऱ्यांदा आले, त्याला तोवर त्यांच्या कुटुंबाचे नाव दिलेले होते.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या अनिश्चिततेची भरपाई म्हणूनच तर करारात ‘बायआउट’, म्हणजे मुदतीआधी काढल्यास द्यायची रक्कम, असतो. ते खरे आहे. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये काढले, तेव्हा घरी बसण्यासाठी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत होते. पण ही भरपाई हेड कोचपुरतीच असते. त्याच्या भरवशावर गावात आलेले दहा सहायक आणि त्यांच्या पोरांच्या बदललेल्या शाळा त्या हिशोबात फारशा नसतात. सहायकांना काही महिन्यांचा किंवा फार तर वर्षा-दोन वर्षांचा पगार मिळतो, आणि पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. म्हणून जागांची तुलना करताना समंजस हेड कोच आपल्या रकमेइतकाच सहायकांच्या कराराच्या मुदतीचा आग्रह धरतो, असे माझे निरीक्षण आहे.

निवड करायला वेळही फारसा मिळत नाही. शाळकरी खेळाडूंच्या विद्यापीठांशी करारावर सह्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच होतात, त्यामुळे रिकामी खुर्ची त्याआधी भरण्याची घाई असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चांगल्या संघांचा हंगाम रंगात आलेला असतो. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी लेन किफिन यांनी ११ सामने जिंकून प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीच्या, उंबरठ्यावर असलेला ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, संघ सोडून एलएसयूची तीच, आधी सांगितलेली, खुर्ची स्वीकारली. प्लेऑफपर्यंत संघासोबत राहण्याची परवानगी ओल मिसने त्यांना दिली नाही. बारा संघांच्या प्लेऑफमुळे ओल मिससारख्या जागीही विजेतेपदाचे दार उघडले असताना ती जागा थांबा मानावी का, यावर त्या आठवड्यात घरोघरी वाद झाले असतील. मला विचाराल तर, मी राहिलो असतो. पण माझ्यासमोर तो करार ठेवलेला नव्हता.

थांब्यांची अप्रतिष्ठा मात्र कोणी करू नये. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठाला प्रशिक्षकांचा पाळणा म्हणतात. वुडी हेज, आरा पार्सेगियन आणि बो शेंबेक्लर हे तिघेही तिथे हेड कोच होते आणि पुढे अनुक्रमे ओहायो स्टेट, नोत्र दाम आणि मिशिगन या गाद्यांवर जाऊन बसले. त्या विद्यापीठाने हे कधी अपमानाचे मानले नाही, उलट मिरवले. बॉइझी स्टेटमध्ये याच्या उलट घडले. आधीचे दोन प्रशिक्षक यश मिळवून मोठ्या जागी गेले आणि तिथे त्यांना ते टिकवता आले नाही. क्रिस पीटरसन यांनी मात्र आठ वर्षे बसायचे ठरवले आणि ९२ विजय व अवघे १२ पराभव अशी कामगिरी केली. तीच खुर्ची एकाला थांबा आणि दुसऱ्याला जवळजवळ मुक्काम वाटली.

गेल्या काही वर्षांत ही सगळी क्रमवारी हलली आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा आली. कर्ट सिग्नेटी यांनी २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठातले, तोवर कॉलेज फुटबॉलमध्ये परतलेल्या सेबन यांच्या हाताखालचे सहायकपद सोडून पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या, त्यांचे वडील जिथे प्रशिक्षक होते त्या कॉलेजची हेड कोचची जागा घेतली, तेव्हा ती घसरगुंडी वाटली असेल. पायरी पायरीने ते जेम्स मॅडिसनला पोहोचले आणि २०२३ च्या अखेरीस, वयाच्या बासष्टीत, इंडियानाला. बास्केटबॉलवर जीव टाकणाऱ्या इंडियानाच्या फुटबॉल संघाइतके पराभव वरच्या श्रेणीत कोणाच्याच खाती नव्हते. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसनमधले डझनभर खेळाडू सोबत आणले, पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले आणि जानेवारी २०२६ मध्ये अपराजित राहून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. खेळाडूंचे पीक आसपास असावेच लागते, हा रूढ मोजपट्टीचा पहिला निकष त्यामुळे पुष्कळच सैल झाला आहे. पीक दुसऱ्याच्या शेतातूनही आणता येते, पैसे असले आणि साहेब एकच असला तर.

शेवटी स्कॉट फ्रॉस्ट यांच्याविषयी. १९९७ च्या विजेत्या नेब्रास्काचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेले खेळाडू. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा या संघाला त्यांनी अपराजित ठेवले आणि मग माहेरची हाक आली म्हणून ते लिंकनला गेले. तिथे १६ विजय, ३१ पराभव आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हकालपट्टी. विद्यापीठ तीन आठवडे थांबले असते तर त्याला बायआउटची निम्मीच रक्कम द्यावी लागली असती, पण तेवढाही धीर उरला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रॉस्ट पुन्हा नोकरीवर रुजू झाले. जागा तीच, सेंट्रल फ्लोरिडाची. मधल्या काळात ते विद्यापीठ बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये गेले होते, जिथून नेब्रास्का २०११ मध्ये बाहेर पडले होते.