बोलावणं

(दृश्य: दांडिया बाजारातला जुना वाडा. चौकात चैत्रगौर मांडलेली. झोपाळ्यात देवी, पुढे आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचे पेले.)

बडोद्यात चैत्र म्हणजे दुपारी अंगाची लाही आणि संध्याकाळी हळदीकुंकू. या वाड्यात बोलावणं अजून तोंडी जातं. सकाळी यजमानीण खालच्या बिऱ्हाडात सांगते, तिथून माडीवर हाक जाते, माडीवरून शेजारच्या वाड्यात. एकीनं तिघींना सांगितलं, तिघींनी नऊजणींना. पाच वाजता दारात चपलांचा ढीग.

(दृश्य: उंबऱ्याशी दोघी जणी. ही तिला कुंकू लावते, ती हिला.)

हे दृश्य नीट पाहून ठेवा. आपल्या पेशीच्या दारात जवळजवळ हेच घडतं.

पेशी वाढते, दुभंगते ती आपल्या मर्जीनं नव्हे. बाहेरून बोलावणं यावं लागतं. भाजी चिरताना बोट कापलं की जखमेभोवतीच्या पेशींना ते येतं, म्हणून चार-सहा दिवसांत कातडी सांधते. हे बोलावणं नेणाऱ्या रेणूंना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यांतला एक सापडला तो उंदराच्या डोळ्यांमुळे. उंदराची पिल्लं साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी लाळग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिल्लांनी ते सातव्याच दिवशी उघडले. दुसऱ्या कुणी ‘लवकर उघडले, बरं झालं’ म्हणून वहीत टिपून ठेवलं असतं. कोहेन त्याच्या मागे लागले आणि एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हाती आला. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांना मिळालं.

(दृश्य: रेखाचित्र. पेशीचं आवरण, त्यात दोन रिसेप्टर.)

हा ग्रोथ फॅक्टर पेशीत शिरत नाही, दाराबाहेरच थांबतो. त्याला धरून दोन रिसेप्टर, म्हणजे दारात बोलावणं घेणारी प्रथिनं, जवळ येतात आणि आतल्या अंगानं एकमेकांना फॉस्फेटचा टिळा लावतात. असा टिळा लावणाऱ्या प्रथिनाला प्रोटीन कायनेज म्हणायचं, आणि कुंकवाचा करंडा म्हणजे एटीपी, फॉस्फेट पुरवणारा रेणू. पुढे रास, राफ, मेक, ईआरके या प्रथिनांच्या तोंडून हाक आत केंद्रकापर्यंत पोचते. (यातलं रास स्वतः कायनेज नाही. ते फक्त राफला उठवतं.) माणसाच्या जनुकांत पाचशेच्या वर कायनेज आहेत. म्हणजे टिळे लावणारे हात भरपूर.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातल्या टायरोसिन या मण्यावरही टिळा लागतो, हे १९७९ मध्ये टोनी हंटर यांना कळलं ते शिळ्या द्रावणामुळे. टिळे वेगवेगळे करून पाहण्यासाठी लागणारं बफर, म्हणजे ठरावीक आम्लतेचं द्रावण, नवं करायचा कंटाळा केला, जुन्याची आम्लता बदललेली होती, आणि एरवी एकात एक मिसळून दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. त्यांतला एक टायरोसिनवरच्या टिळ्याचा. स्वयंपाकघरात शिळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता पुसण्याची गोष्ट. चित्रीकरणाच्या वेळी वाड्यातल्या काकू म्हणाल्या, “कुंकू पुसण्याचं काय बोलताय, सणाच्या दिवशी?” त्यांचं खरं आहे, आपल्या कानाला ते खटकतंच. पेशीत मात्र पुसणं हेच शुभ. फॉस्फेटेज नावाची प्रथिनं हे टिळे सतत पुसत असतात. पुसलं की बोलावणं संपलं, पेशी आपल्या कामाला लागली.

कॅन्सरमध्ये बोलावणं संपत नाही. कधी रासच हाक मारलेल्या अवस्थेत अडकतं. कधी दारं फार होतात: स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू रिसेप्टर इतके वाढतात की बाहेरून कुणी न येताही ते एकमेकांना टिळे लावत सुटतात. शिवाय गाठ स्वतःच बोलावणी धाडू लागते. व्हीईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर धाडून ती रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वळवते, अन्नपाण्याची सोय करते. मरायला हवं त्या पेशीला एकेटी नावाचं कायनेज मरू देत नाही. म्हणून ‘पेशी वेड्यासारख्या वाढतात’ हे म्हणणं मला पटत नाही. त्या अगदी हुकमात वाढतात. हुकूमच खोटा असतो.

(दृश्य: काकूंच्या हातात गोळी. शेजारी भरलेला मोठा पेला.)

काकूंना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे, रक्ताचा कॅन्सर. या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल होऊन चिकटतात, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या जोडावर बीसीआर-एबीएल हे कायनेज तयार होतं. त्याचा हात खाली म्हणून येत नाही. काकूंची गोळी, इमॅटिनिब, त्या हाताच्या खोबणीत जाऊन बसते, जिथे करंडा धरायचा तिथेच. करंडा नाही, तर टिळा कशाचा लावणार? अमेरिकेत या गोळीला २००१ च्या मेमध्ये मान्यता मिळाली. पूर्वी या आजारात पाच वर्षं काढणं कठीण होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दहा वर्षांनंतरही सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

आणि किंमत? १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका स्फटिकरूपाचा पेटंटदावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी दुकानात टिकली. काकूंना निकाल माहीत नाही, महिन्याचं बिल माहीत आहे.

सगळ्यांचं असं होत नाही. बीसीआर-एबीएलच्या ३१५ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की खोबणीचा आकार बदलतो आणि गोळी बसत नाही. मग दुसरं औषध शोधावं लागतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर, त्यावरच्या गोळ्यांचंही असंच. एक दार बंद केलं की गाठ मागच्या बोळातून बोलावणं धाडते. म्हणून काकूंचं रक्त ठरावीक महिन्यांनी तपासलं जातं.

(दृश्य: चौक. दिवेलागण.)

काकू जेवणानंतर गोळी घेतात, पेलाभर पाण्याबरोबर. आज गडबडीत जेवण लांबलं, म्हणून गोळीही आत्ता. पाणी संपवलं, पाकीट फडताळात ठेवलं, पदर सारखा केला. माडीवरून हाक आली: “काकू, येताय ना?”

“आले, आले. डाळ संपवू नका गं.”